स्ट्रायकर, मधलं बोट आणि परळच्या दोन शाळा

मुलुंड स्लोमध्ये दाराशी उभं राहून ऐकत असाल तर आधी आत सरका, मग पुढे ऐका. एपिसोड पळून जात नाही.

आपण इथे साधारण गिरण्या, तलाव, ट्राम, जुनी थिएटरं असल्या विषयांवर बोलतो. आजचा विषय माझ्या घरातून आलाय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक केलं तेव्हा बायोलॉजी दहावीनंतर सुटली म्हणून पार्टी दिली होती. त्यामुळे डॉक्टर मंडळींनी सांभाळून घ्यावं. पण गेल्या चौदा महिन्यांत मी जेवढं शरीरशास्त्र वाचलंय तेवढा कोड वाचला असता तर एव्हाना लीड झालो असतो. आणि वाचता वाचता एक मुंबईची गोष्ट हाती लागली, जी मला वाटतं तुम्हीही ऐकलेली नसेल.

तर, बाबा.

आमच्या बाबांची मुलुंड पूर्वेला एकच ओळख आहे : कॅरम. सोसायटीच्या ऑफिसात ट्यूबलाइटखाली तो बोर्ड, बोरिक पावडरचा डबा, आणि रात्री साडेनऊनंतर चार डोकी. बाबा मधल्या बोटाने मारतात. अंगठ्याला बोट टेकवून टिचकी, आणि राणी गेलीच म्हणून समजा. मला लहानपणी वाटायचं की आमच्या घरात ही एकच गोष्ट वारशाने मिळण्यासारखी आहे, आणि ती मला मिळालेली नाही.

मागच्या वर्षी एका पहाटे पाचला बाबा उठले आणि आईला म्हणाले, उजवा हात जड झालाय, अंगाखाली आला असेल. आणि परत झोपले. आम्हीही झोपलो. साडेआठला चहाचा कप हातातून सुटला तेव्हा तोंडही वाकडं दिसलं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि माणूस लक्षणं घेऊनच उठला असेल तर घड्याळ तो शेवटचा ठणठणीत कधी होता तिथपासून मोजतात, म्हणजे आमच्या केसमध्ये आदल्या रात्री साडेअकरापासून. आम्ही पोचलो साडेनऊला. यात हॉस्पिटलची चूक नाही, कुणाचीच नाही, आमची आहे. मी तो हिशोब किती वेळा केलाय ते सांगत नाही. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, यातलं एक जरी अचानक दिसलं तर झोपायचं नाही, गाडी काढायची. एवढं सांगितलं की माझं काम झालं.

दुसऱ्या दिवशी एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आल्या. माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी बाबांना दोनच गोष्टी करायला सांगितल्या. हात खांद्यातून बाजूला उचला. आणि बोटं उघडा. बस्स. मला वाटलं, झालं? एमआरआयला एवढे पैसे भरलेत आणि तपासणी ही?

नंतर घरी आल्यावर वाचलं तेव्हा कळलं की ही तपासणी किती बोलकी आहे. नेदरलँड्समध्ये यावर एक अभ्यास झाला, 2010 साली छापून आला. स्ट्रोकनंतर दुसऱ्या दिवशी ज्यांना खांदा थोडा बाजूला नेता येतो आणि बोटं थोडी तरी उघडता येतात, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परत येण्याची शक्यता 98 टक्के. ज्यांना दोन्ही येत नाही त्यांची 25 टक्के.

बाबांना दोन्ही आलं नव्हतं.

मी रोज प्रॉबॅबिलिटीशी खेळतो. 25 टक्के म्हणजे चारातला एक, हे मला पाठ आहे. पण तो चारातला एक आपल्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलेला असला की पंचवीस हा आकडा कसा वाचायचा ते कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत.

आता बोटं उघडणं हेच का विचारतात? इथे कॅरमवाल्यांनी जरा लक्ष द्या. मुठी आवळणारे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात पुढच्या बाजूला असतात, बोटं उघडणारे मागच्या बाजूला. टिचकी मारताना बोट आधी वाकवून अंगठ्यावर अडकवायचं आणि मग मागच्या स्नायूने ते झटक्यात सरळ करायचं. म्हणजे बाबांची सगळी कला, चाळीस वर्षांची, त्या मागच्या स्नायूंवर उभी. आणि स्ट्रोकमध्ये सगळ्यात उशिरा परत येणारी हालचाल म्हणजे नेमकी हीच.

मेंदूच्या वरच्या पट्ट्यात, डाव्या बाजूला, उजव्या हाताचा नकाशा असतो. तिथून निघणारे तंतू खाली येतात, मानेच्या वर जिथे मेंदू संपून मज्जारज्जू सुरू होतो तिथे बहुतेक तंतू बाजू बदलतात, आणि मज्जारज्जूत एका पेशीपाशी येऊन थांबतात. ती पेशी पुढचा निरोप हातातल्या नर्व्हमधून स्नायूला देते. म्हणजे दोन टप्पे. वरून मज्जारज्जूपर्यंत एक, तिथून स्नायूपर्यंत दुसरा. स्ट्रोकमध्ये तुटतो तो पहिला टप्पा. दुसरा टप्पा, म्हणजे हातातली नर्व्ह आणि स्नायू, धडधाकट असतो. निरोपच येत नाही.

हे मला वाचून नाही, बघून पटलं. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी बाबांच्या हाताच्या मागच्या बाजूला दोन चिकटपट्ट्या लावल्या, छोट्या मशीनचं बटण फिरवलं, आणि बाबांची बंद मूठ फुलासारखी उघडली. सगळी बोटं सरळ. आई रडायला लागली. बटण बंद केलं, बोटं परत मिटली. बाबा बराच वेळ हाताकडे बघत राहिले आणि जड जिभेने म्हणाले, "मशीनचं ऐकतात, माझं ऐकत नाहीत."

अख्ख्या न्यूरॉलॉजीच्या पुस्तकाचा सारांश मला याहून चांगला कुणी सांगितलेला नाही.

मग मी मॅडमना सहज विचारलं, हे सगळं तुम्ही कुठे शिकलात? म्हणाल्या, "केईएम." आणि जरा थांबून, "आमची शाळा देशातली पहिली आहे, माहितीये ना?" मला माहिती नव्हतं. मुंबईच्या इतिहासावर पॉडकास्ट करतो म्हणून मिरवणाऱ्या माणसाला माहिती नव्हतं. मग काय, रात्री बाबा झोपले की मी लॅपटॉप घेऊन बसायला लागलो.

परळचं केईएम तुम्हाला माहीत आहे. 1926 साली सुरू झालेलं, शेजारी शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, आणि त्या देणगीमागची प्रसिद्ध अट : इथे नेमणुका भारतीयांच्याच. या आवारात 1950 च्या आसपास तीन वर्षांच्या अंतराने दोन शाळा उघडल्या. 1950 मध्ये ऑक्युपेशनल थेरपीची, मराठीत व्यवसायोपचार. आणि 1953 मध्ये फिजिओथेरपीची, म्हणजे भौतिकोपचाराची.

पहिलीची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती एका बाईची आहे. एलिझाबेथ लंडी. अमेरिकेत न्यू जर्सीच्या क्वेकर घराण्यातली मुलगी. 1930 मध्ये ती भारतात आली, विष्णू निंबकरांशी लग्न केलं आणि कमला निंबकर झाली. नाव ओळखीचं वाटतंय? बरोबर, फलटणचे निंबकर. शेतीतले आणि मेंढीपालनातले प्रयोग करणारे बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. आणि त्यांच्या सूनबाई म्हणजे लेखिका जाई निंबकर, इरावती कर्व्यांची मुलगी. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली कमला निंबकर बालभवन ही शाळा आहे ना, ती याच कमलाबाईंच्या नावाची. मी शाळेचं नाव कितीदा ऐकलं होतं. ही कमला कोण, असा प्रश्न एकदाही पडला नाही. आपल्याकडे नाव द्यायचं आणि माणूस विसरायचा ही पद्धत जुनीच.

तर कमलाबाईंनी चाळीसच्या दशकात अमेरिकेत परत जाऊन ऑक्युपेशनल थेरपीचं रीतसर शिक्षण घेतलं. आणि परत येऊन केईएममध्ये शाळा काढली. भारतातच काय, या भागातल्या कुठल्याच देशात तेव्हा असं काही नव्हतं. 1952 मध्ये या क्षेत्राची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा संस्थापक देशांच्या यादीत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांच्यासोबत भारताचं नाव आहे, ते त्यांच्यामुळे. स्वातंत्र्याला पाच वर्षं झालेला, रेशनच्या रांगेतला देश, आणि या यादीत.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय, तर ऑफिसातला ऑक्युपेशन डोक्यातून काढा. माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती सगळी कामं. अंघोळ, बटण लावणं, पोळी लाटणं, सही, विणकाम, कॅरम. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना लाकूडकाम, टोपल्या विणणं असलं काही देता देता हा विषय वाढला. त्यामागची कल्पना साधी आहे. हात हा नुसता हलवायचा नसतो, त्याला काहीतरी करायचं असतं. ही कल्पना लक्षात ठेवा, शेवटाकडे लागणार आहे.

दुसरी शाळा पोलिओमुळे उघडली. आज तुमच्यामाझ्या वयाच्या लोकांसाठी पोलिओ म्हणजे रविवारी दोन थेंब आणि बोटाला शाई. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि मार्च 2014 मध्ये आपल्याला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. पण चाळीस-पन्नासच्या दशकात मुंबईत पोलिओच्या साथी यायच्या. ताप यायचा, उतरायचा, आणि मूल उभं राहायचं नाही.

यातल्या एका आईचं नाव फातेमा इस्माइल. स्वातंत्र्यचळवळीतली बाई. तिच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचारासाठी ती मुलीला घेऊन मद्रासला डॉ. किणींकडे गेली. मुलगी सुधारायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की हे आपल्याला जमलं, कारण आपल्याला मद्रासला जाणं परवडलं. 1947 मध्ये, म्हणजे देशाच्या सगळ्या धामधुमीत, तिने मुंबईत पोलिओ झालेल्या मुलांसाठी क्लिनिक सुरू केलं. त्यातूनच पुढे हाजीअलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभं राहिलं. 1958 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हाजीअलीच्या सिग्नलला आपण दर्ग्याकडे बघतो, ज्यूस सेंटरकडे बघतो. या बाजूला बघत नाही. केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्थाही तिथेच आहे, तीही पन्नासच्याच दशकातली.

मुलं हजारोंनी, व्यायाम करून घेणारे हात मोजके. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने 1953 मध्ये केईएममध्ये फिजिओथेरपीची शाळा निघाली. 1955 मध्ये या लोकांची देशपातळीवरची संघटना झाली. आज मुलुंडच्या गल्लीत, बोरिवलीच्या स्टेशन रोडवर, घाटकोपरच्या प्रत्येक दुसऱ्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर जे फिजिओथेरपी क्लिनिक दिसतं, त्याचा खापरपणजोबा परळला आहे.

आता यात एक मेख आहे, आणि मला तीच सगळ्यात रंजक वाटली.

मघाशी सांगितलेले दोन टप्पे आठवा. पोलिओचा विषाणू मारतो मज्जारज्जूतल्या त्या पेशीला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीलाच. वरचा निरोप ठणठणीत येतो, पण पुढे पोचवायला कुणी नाही. स्नायू लुळा पडतो आणि सुकतो. बाबांच्या हातावर लावलेल्या त्या छोट्या करंटलाही तो दाद देत नाही, कारण तो करंट नर्व्हमार्फतच काम करतो. स्ट्रोकमध्ये उलटं. खालची यंत्रणा शाबूत, वरचा निरोप बंद. सुरुवातीचे दिवस हात लुळाच असतो, म्हणून दोन्ही सारखे दिसतात. पण काही आठवड्यांत स्ट्रोकचा हात ताठ व्हायला लागतो. वरून ताबा ठेवणारं कुणी नाही म्हटल्यावर मज्जारज्जूच्या पातळीवरची प्रतिक्षिप्त क्रिया मोकाट सुटते. कोपर वाकतं, मनगट आत वळतं, मूठ आवळली जाते. आणि आवळलेला स्नायू महिनोन्‌महिने तसाच राहिला की तो खरोखरच आखूड होतो. मग वरून निरोप आला तरी उपयोग नाही, दारच गंजलेलं.

पोलिओसाठी जगभर जे तंत्र बसवलं होतं ते एकेक स्नायू तपासा, त्याला शून्य ते पाच गुण द्या, उरलेल्या स्नायूला बळकट करा, असं होतं. त्या मुलांसाठी ते योग्यच होतं. स्ट्रोकच्या माणसाला मात्र ते पुरत नाही. त्याच्याकडे ताकद आहे, पण चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, आणि सगळी एकत्र. बाबा बोट उचलायला जायचे तर खांदा वर जायचा, कोपर वाकायचं आणि मूठ आणखी घट्ट व्हायची. बोस्टनच्या थॉमस ट्विचेल नावाच्या डॉक्टरने 1951 मध्ये शंभराहून जास्त रुग्णांवरून नेमकं हेच लिहून ठेवलंय. हालचाल खांद्याकडून बोटांकडे परतते, आधी सगळी एका गठ्ठ्यात येते, मग सुटी होते. बोटं शेवटी. वाचताना मला वाटलं हा माणूस आमच्या हॉलमध्ये बसून लिहितोय.

या गठ्ठ्याचं करायचं काय, यावरून पुढची चाळीस वर्षं भांडण. बर्टा बोबाथ, बर्लिनहून लंडनला निघून आलेली ज्यू व्यायामशिक्षिका. सायमन एल्व्स नावाच्या चित्रकाराच्या लुळ्या हातावर काम करताना तिच्या लक्षात आलं की योग्य पद्धतीने धरलं, वळवलं, तर ताठरपणा कमी होतो. तिचं म्हणणं, आधी ताठरपणा घालवा, त्या गठ्ठ्याला थारा देऊ नका, जोर लावायला लावू नका. दुसरीकडे सिग्ने ब्रुनस्ट्रॉम, स्वीडनहून अमेरिकेला गेलेली. ती म्हणायची, सुरुवातीला गठ्ठा तर गठ्ठा, तोच वापरा, हालचाल होऊ दे, मग सुटी करू. तिने सांगितलेल्या सुधारणेच्या पायऱ्या आजही वापरतात. बाबांच्या फाइलवर मॅडम त्या रोमन आकड्यांत लिहायच्या.

माझं प्रामाणिक मत? बोबाथबाईंचे हात जादूचे असतील, पण ताकदीचे व्यायाम दिले तर ताठरपणा वाढतो ही भीती पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. स्ट्रोकचा हात ताठही असतो आणि दुबळाही असतो, दोन्ही एकदम. एका पिढीच्या रुग्णांना जोर लावू नका सांगितलं गेलं, त्याचं थोडं वाईट वाटतं.

आणि ते पिवळं स्माइली बॉल प्रकरण! आमच्याकडे भेटायला येणाऱ्या पहिल्या सहा जणांपैकी तिघांनी आणला. दाबत बसा म्हणे. मॅडमनी तिन्ही बॉल शेजारच्या पोराला देऊन टाकले. म्हणाल्या, "काका, तुमची मूठ आवळायला तयारच आहे, तिला अजून काय शिकवायचं? आपल्याला उघडायला शिकायचंय." अर्थात सल्ल्यांची कमी नव्हती. कुणी तेल सांगितलं, कुणी एका गावी शनिवारी मिळणारं औषध, कुणी कबुतराच्या रक्ताची मालिश. मी वैतागायचो. आई शांतपणे सगळ्यांना चहा द्यायची.

खरा धक्का अनपेक्षित जागेतून आला, माकडांकडून. अमेरिकेत एडवर्ड टॉब नावाचा संशोधक माकडांच्या एका हाताची संवेदना वाहणाऱ्या नर्व्ह कापायचा. हालचालीच्या नर्व्ह शाबूत ठेवूनही माकड तो हात वापरणं सोडून द्यायचं. मग त्याने चांगला हात बांधला. आणि माकड टाकून दिलेला हात वापरायला लागलं. त्याचा निष्कर्ष असा की सुरुवातीच्या दिवसांत प्रयत्न करून पदरी अपयश आलं की मेंदू शिकतो, हा हात चालत नाही. पुढे तो हात थोडा चालण्यासारखा झाला तरी ती शिकवण पुसली जात नाही. 1981 मध्ये प्राण्यांच्या छळाच्या तक्रारीवरून त्याच्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली, मोठा खटला झाला. माकडांचे ते फोटो मी पाहिलेत, आणि ते पाहिल्यावर या उपचाराबद्दल निर्मळ आनंद वाटत नाही. पण त्यातूनच माणसांसाठी उपचार निघाला : चांगल्या हातात जाड मोजा घालायचा आणि दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ लुळ्या हातानेच कामं करायची. 2006 मध्ये अमेरिकेतल्या 222 रुग्णांवरच्या चाचणीत याचा फायदा दिसला.

फक्त एक अट होती. चाचणीत घेण्यासाठी मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता यायला हवीत. म्हणजे फिरून गाडी त्याच स्टेशनवर.

बाबांचं मधलं बोट पहिल्यांदा अकराव्या आठवड्यात हललं. तारीख माझ्या फोनमध्ये आहे, व्हिडिओही आहे, पण त्यात काही दिसत नाही, इतकं थोडं. चौथ्या महिन्यात मॅडमनी डाव्या हातात मोजा घातला. ओव्हनचा, आईच्या केकच्या दिवसांतला. पूर्ण कोर्स नाही झाला, बाबांचा पारा तिसऱ्या दिवशी चढला. डाळभात सांडून सांडून खाणं हे साठीच्या माणसाला, ज्याने कधी कुणाकडून पाणी मागून घेतलं नाही, काय वाटत असेल ते मोजायची फूटपट्टी मला कुठल्या संशोधनात सापडली नाही.

आता माझ्या वाटणीचा कडू भाग. मी रोज ऑफिसातून आल्यावर तासभर व्यायाम घ्यायचो. वर्क फ्रॉम होम असेल तर दोनदा. स्प्रेडशीट केली होती, ग्राफसकट. आणि मग मला अटेंड नावाची चाचणी सापडली, आपल्याच देशातली. 14 हॉस्पिटलं, 1250 रुग्ण, 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेली. प्रश्न नेमका माझा होता. आपल्याकडे थेरपिस्ट कमी, तर घरच्यांनाच शिकवून त्यांच्याकडून रिहॅब करून घेतलं तर? सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबन सारखंच. 47 टक्के आणि 47 टक्के.

रात्री दीडला वाचलं ते. स्प्रेडशीट उघडी होती. मॅडमना मेसेज केला, सकाळी उत्तर आलं : "तुम्ही करताय ते व्यायाम आहेत. बाबांना काय करायचंय ते विचारलंत का कधी?"

विचारलं नव्हतं. मी शंभर वेळा बोट उचला म्हणत होतो. शंभर वेळा बोट उचलणं हे कुणाच्याही आयुष्यातलं काम नाही. 1950 ची परळची ती पहिली शाळा इथे परत येते. मेंदू नव्याने जोडण्या करतो ते हेतू असलेल्या कामाभोवती, तेही भरपूर वेळा आणि दर वेळी थोडं अवघड करत. आजचे संशोधक याला मोठमोठी नावं देतात. पण हाताला काहीतरी करायचं असतं, हे कमलाबाईंच्या शाळेत आधीपासून शिकवत होते.

जाता जाता आपल्याच उपनगरातली एक गोष्ट. डॉ. प्र. म. दलाल आणि सहकाऱ्यांनी 2005 आणि 2006 ही दोन वर्षं मुंबईच्या एच वॉर्डात, म्हणजे वांद्रे-खार-सांताक्रूझच्या पट्ट्यात, दीड लाखाहून जास्त वस्तीत स्ट्रोकचा प्रत्येक नवा रुग्ण नोंदवला. पहिल्यांदाच स्ट्रोक आलेले 456. त्यातले सुमारे तीस टक्के 28 दिवसांत गेले. आणि जे उरले त्यांच्यातल्या तिघांपैकी एकाहून जास्त जणांना मध्यम ते गंभीर अपंगत्व होतं. ही फक्त दीड लाखांच्या वस्तीची नोंद. भांडुपपासून दहिसरपर्यंत किती घरांत ओव्हनचे मोजे असतील, करा हिशोब.

मेसेजनंतरच्या रविवारी मी आणि समोरचे काका मिळून सोसायटीचा बोर्ड वर आणला. लिफ्टमध्ये मावला नाही, जिन्याने चार मजले. बाबा खिडकीपाशी बसले होते. काही बोलले नाहीत. पावडर मात्र स्वतः मारली, डाव्या हाताने, मला नीट जमत नाही म्हणून.

पहिले दोन महिने उजवा हात बोर्डवर नुसता ठेवायचा. मग स्ट्रायकर सरकवायचा. ताठ मुठीने, खांद्यातून, सगळा गठ्ठा घेऊन. मॅडम म्हणाल्या चालेल, सरकवू दे. डाव्या हाताने ते अधूनमधून असं काही मारायचे की काका गप्प व्हायचे.

गेल्या गुरुवारी रात्री बाबांनी उजव्या हाताचं मधलं बोट अंगठ्यावर टेकवलं. डाव्या हाताने मदत घेऊन, पण टेकवलं. मी फोन काढला नाही, काढला असता तर त्यांनी हात मागे घेतला असता. सुटलं ते बोट. स्ट्रायकर सात-आठ इंच गेला आणि एका काळ्या सोंगटीला जेमतेम शिवला. काका ओरडले, आई स्वयंपाकघरातून धावत आली, मी टाळ्या वाजवत होतो.

बाबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"फाऊल आहे," ते म्हणाले. "मारला नाही, ढकलला. सोंगटी लावा परत."